माईच्या शेल्याचं माप

लालबागच्या माईचा शेला सहा वर्षं मी शिवला. हे आधीच सांगून ठेवते, कारण आता तिथे कुणालाही विचाराल तर ते उषाचं नाव सांगतील. उषा म्हणजे माझी धाकटी जाऊ. तिने पहिल्यांदा शिवला तो सातवा, आणि तोही माझ्या तोंडून घेतलेल्या मापाने. त्या मापाचीच ही गोष्ट आहे, आणि ती सांगताना मी स्वतःला फार चांगली म्हणवून घेणार नाही. जळत होते मी. उघडच सांगते.

माई म्हणजे ख्रिस्ती लोकांची मेरी, येशूची आई. लालबागला, बऱ्हाणपूर स्टेशनाजवळ, रेल्वेच्या क्वार्टरांच्या शेवटी एक कौलारू खोली आहे, तिथे ती उभी असते. लाकडाची, रंगवलेली, माझ्या कमरेहून जराशी उंच. ती इथे कशी आली याच्या गावात चार कथा आहेत. खरं एवढंच, की इंग्रज जायच्या वर्षी ती खोक्यात बंद होऊन गोव्याहून निघाली होती, वर उत्तरेकडच्या कुठल्याशा छावणीतल्या चर्चसाठी. वाटेत खोकं आमच्या स्टेशनात उतरलं आणि मालधक्क्यावर पडून राहिलं. पत्रं लिहिली, पत्रं परत आली, कारण मागवणारे साहेब लोक तोवर बोटीत बसून आपल्या देशी गेले होते. शेवटी मालधक्क्यावरचे गोव्याचे बाबू, कायतान, यांनी वरच्यांची परवानगी काढून खोकं उघडलं आणि त्यांच्या बायकोने, एर्मेलिनबाईंनी, त्या खोलीत माईला उभं केलं.

जवळच्या जसोंडी गावच्या बायका मात्र सांगतात, की आठ हमालांनी जोर लावला तरी खोकं पुढच्या गाडीत चढेना, माईच म्हणाली की मला इथेच राहायचंय. आमचे हे, दत्तात्रय मास्तर, मराठी शाळेत शिकवतात. ते म्हणतात, हमाल तेव्हा जेवायला गेले असतील. यांच्यापुढे देवाचं काही बोलायची सोय नाही.

ख्रिस्ती लोकांत माईचा वार शनिवार. पण आपल्याकडे देवीचा वार शुक्रवार, तेव्हा आमच्या बायका शुक्रवारी यायला लागल्या. खण-नारळ घेऊन, गजरा घेऊन, केळीच्या घडातली पहिली फणी घेऊन. महिन्यातून एकदा खंडव्याहून पाद्री यायचे, त्यांनी सुरुवातीला कपाळाला आठ्या घातल्या. मग म्हणाले, ओटी भरा, पण नारळ तेवढा बाहेर फोडा. तेव्हापासून एर्मेलिनबाई शुक्रवारीही दार उघडं ठेवतात.

मी पहिल्यांदा गेले ती मुलासाठीच. लग्नाला सात वर्षं झाली होती, कूस रिकामी होती, आणि सासूबाई, म्हणजे धुरपदाबाई, माझ्यासमोर दुसऱ्यांच्या नातवंडांचं फार कौतुक करायच्या. गेले आणि पाहिलं तर माईच्या खांद्यावरचा निळा रंग खोक्यातल्या ओलीने पोपडे धरून सुटत होता. माझ्या माहेरी जरीचं काम. कलाबतू ओढणाऱ्यांच्या घरात मी वाढले, सुई हातात घेतली की मला दुसरं काही सुचत नाही. मी तिथल्या तिथे म्हटलं, माई, मूल दे, दरवर्षी तुला जरीचा शेला चढवीन, अगदी यंदापासून.

मग एर्मेलिनबाईंनी तिच्या पायांवरचा फुलांचा ढीग काढला आणि मी दचकले. अनवाणी पाय, आणि उजव्या पायाखाली साप. चांगला जाडजूड, तोंड उघडलेला. आदल्याच आठवड्यात आम्ही नागपंचमी केली होती, लाह्या-दूध वाहिलं होतं, आणि इथे ही त्याच्यावर पाय देऊन उभी.

"तो सैतान गो," एर्मेलिनबाई म्हणाल्या.

"तुमच्याकडे सैतान असेल. आमच्याकडे देव आहे," मी म्हटलं. "खेड्यातल्या बायकांनी हे पाहिलं तर पुन्हा पाऊल टाकणार नाहीत."

म्हणून मी पहिला शेला लांब शिवला. माथ्यापासून साडेचार वीत. दोन्ही पदर समोर पायांवर यायचे, साप झाकायचा आणि त्याच्याबरोबर पायही झाकायचे. एर्मेलिनबाईंना फारसं पटलं नव्हतं, पण जर पाहून त्या गप्प बसल्या. जर होतीच तशी.

पुढे रीतच पडली. आठ सप्टेंबरला माईचा जन्मदिवस. त्या सकाळी माईपुढे चादर धरून जुना शेला उतरवायचा, नवा चढवायचा. मध्ये वर्षभर कुणी शेल्याला हात लावायचा नाही, हा नियम मीच घातला. उतरवलेला शेला कापून त्याचे तुकडे लेकुरवाळ्यांना वाटायचे, त्या ते बाळाच्या टोपड्याला लावतात. माझे सहा शेले असे गावभर पोरांच्या डोक्यांवर गेले. माझ्या घरात एकही टोपडं आलं नाही.

पण मान आला, हे कबूल केलं पाहिजे. मी दारात शिरले की बायका बाजूला सरकायच्या. "शेलेवाल्या बाई आल्या," म्हणायच्या. घरी सासूबाईंपुढे मी कुणी नव्हते, मास्तरांपुढे चहा करणारी होते. लालबागला मात्र माझ्यावाचून अडत होतं. मूल नाही तर नाही, एवढं तरी माझं, असं मी मनाशी म्हणायचे, आणि ते कुणी हिसकावून घेईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

उषा आमच्या घरात आली ती सातव्या शेल्याच्या दोन वर्षं आधी. माझा दीर वामन नेपानगरच्या कागद कारखान्यात क्लार्क लागला, आणि लागल्या लागल्या त्याचं लग्न झालं. उषा तुकईथडची, शेतकऱ्याची मुलगी. बोलण्यात सगळं 'मले' आणि 'तुले'. पोळी जाड लाटायची, हसायची मोठ्याने, टाके असे घालायची की दोन टाक्यांमधून मांजर निघून जावं. आणि तरी सासूबाईंना तीच आवडायची. मी बारा-तेरा वर्षं पातळ पोळ्या लाटल्या, त्यांचं कुणी नाव काढलं नाही.

सातव्या शेल्याच्या वर्षी, वैशाखात, ती माझ्याबरोबर एकदाच लालबागला आली. खण नाही, नारळ नाही, काही आणायचं ध्यानातच नव्हतं हिच्या. एर्मेलिनबाईंकडून एक अर्धी जळलेली मेणबत्ती मागून घेतली, लावली, हात जोडले आणि बाहेर येऊन उसाचा रस प्यायली. श्रावण लागायच्या आत तिला सकाळी कोरड्या उलट्या सुरू झाल्या.

सहा शेले माझे. अर्धी मेणबत्ती तिची, तीही मागून आणलेली. मला उषाचा राग आला, वामनचा आला, पण खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त माईचा आला. इतकी वर्षं मी तुझे लाड केले आणि तू ओळख दिलीस ती हिला! दोन शुक्रवार मी गेलेच नाही. माझ्यावाचून तिकडे काही अडलं नाही, हे कळल्यावर तिसऱ्या शुक्रवारी गेले.

मग एक दिवस दुपारी उषा माझ्यापुढे येऊन बसली. सासूबाई शेजारी वाती वळत होत्या.

"ताई, मी माईले बोलली होती," ती म्हणाली. "दिवस राह्यले तर यंदाचा शेला मी शिवीन. मले माप सांगा ना. तुमच्याशिवाय कोणालेच माहीत नाही."

यंदाचा शेला! म्हणजे दरवर्षीचा शेला कुणाचा हे हिने विचारलंसुद्धा नाही.

"आन् बारशाची झबली-टोपडी तुम्हीच शिवायची," ती हसत म्हणाली. "माह्या हातचं पोराच्या अंगात राह्यचं नाही. तुमच्याच हातचं पाह्यजे."

"सांग की गं माप," सासूबाई म्हणाल्या. "पोटुशी बाई मागतेय."

पोटुशी बाई मागतेय. मी कधी काय मागितलं ते यांना आठवतही नसेल. मी उषाकडे पाहिलं आणि शांतपणे म्हटलं, "माथ्यापासून खाली चार वीत."

अर्धी वीत मी गिळली. काही ठरवून नव्हतं केलं, तोंडातून निघालं. पण निघाल्यावर ते मागे घ्यावं असं वाटलं नाही. चार वितीचा शेला माईच्या घोट्यांशीच संपणार. साप उघडा पडणार. गावोगावच्या बायका तोंडाला पदर लावतील, कुजबुजतील, कुणी उठून जाईल, आणि एर्मेलिनबाई माझ्याकडे वळून म्हणतील, सुलभा, आता गो कसं?

तेव्हा माझ्याजवळ शेला तयार असला पाहिजे, हे मला दुसऱ्या दिवशी सुचलं. मग मी बसलेच. दुपारी उषा झोपायची तेव्हा माडीवर चढायचे आणि दार लोटून शिवायचे. माहेरहून जर आणली. काठाला वेल, वेलीत कळ्या, प्रत्येक कळीला बादल्याचा, म्हणजे चपट्या जरीच्या तारेचा, ठिपका. साडेचार वीत, एक दोरा कमी नाही की जास्त नाही. असा शेला मी आधी कधी शिवला नव्हता. नवसापोटी शिवले ते सहा त्यामानाने साधे होते, आणि हा सातवा, कुणाची तरी फजिती व्हावी म्हणून शिवलेला, सगळ्यांत देखणा झाला. त्याला मी काय करू?

खाली घरात वेगळीच धामधूम होती. राज्यांची नवी मांडणी व्हायची होती, आणि बऱ्हाणपूर मराठी मुलखात जाणार की हिंदी, यावर आमच्या ओसरीत रोज सभा भरायची. हे आणि यांचे मित्र नकाशावर बोटं ठेवून भांडायचे, हे गाव इकडे, ते गाव तिकडे. मी चहा नेऊन द्यायचे आणि मनात म्हणायचे, एवढा मोठा मुलूख घेऊन बसलात, अर्ध्या वितीने काय होतं ते मला विचारा.

उषाचा शेलाही तयार झाला. नेपानगरच्या बाजारातलं निळं सुती कापड, काठाला बोटभर जर, आणि टाके तिचे ते तसेच. तिने मला दाखवला. "बरोबर आहे ना ताई?"

"बरोबर आहे," मी म्हटलं.

आठ तारखेला सकाळी आम्ही दोघी टांग्याने लालबागला गेलो. माझ्या मांडीवर पिशवी होती. वर फुलं, मध्ये नारळ, तळाशी माझा शेला. खोली बायकांनी भरली होती, जसोंडीच्या, शहरातल्या, नेपानगरहून आलेल्या चार-पाच ख्रिस्ती बायकाही होत्या. एर्मेलिनबाईंचे डोळे सुजलेले होते. त्या पावसाळ्यात गोव्याची हद्द बंद झाली होती, गाड्या थांबल्या होत्या, तिकडे त्यांची आई आजारी होती आणि पत्रसुद्धा येत नव्हतं. दरवर्षी या दिवसाला त्या माहेरची गाणी म्हणायच्या. त्या दिवशी त्यांनी एकच म्हटलं आणि स्टुलावर चढल्या.

चादरीआड माझा सहावा शेला त्यांनी उतरवला आणि माझ्याच हातात दिला. मग उषाचा चढवला. माथ्यावर बसवला, खांद्यांवरून खाली सोडला, पदर समोर घेतले. पदर घोट्यांशी थांबले, आणि चादर बाजूला झाली.

मी ठरवल्याप्रमाणे सगळं झालं. माईचे दोन्ही पाय उघडे होते आणि उजव्या पायाखाली तो साप, सहा वर्षांत रंगही न उडालेला, हिरवागार, तोंड वासून. उषाचा चेहरा उतरला. तिने माझ्याकडे पाहिलं. मी पिशवीत हात घातला.

"अवो माय," मागून जसोंडीची मालूबाई म्हणाली, "हिच्या पायाखाली नाग हाय!"

मालूबाई म्हणजे साठीची बाई, दर शुक्रवारी बैलगाडीने येणारी. तिचा शब्द त्या बायकांत चालायचा. बायकांना सारत ती पुढे आली, गुडघ्यांवर हात ठेवून वाकली, आणि पाहत राहिली. माझ्या बोटांना शेल्याची जर लागत होती. आता ही उठेल, आता ही बोलेल.

"मारला नाही वं त्याले," ती म्हणाली. "पाहा पाहा. दाबलाबी नाही. नुसता पाय ठेवला. तू तुह्या जागी ऱ्हाय, म्हनू राह्यली."

कुणीतरी पुढे सरकलं. मग आणखी कुणी.

"माह्या दिराले केळीच्या बागेतच पान लागलं होतं," मालूबाई म्हणाली. सापाचं नाव घ्यायचं नाही म्हणून आमच्याकडे साप चावला की पान लागलं म्हणतात. "मी अजून रोज पहाटे पाणी द्याले जाते, तं पाय टाकाले भेव वाटते. सहा वर्सं झाली येऊ राह्यली हिच्याकडे, कधी सांगितलं नाही का तुह्या पायाखालीच हाय म्हनून. सहा वर्सं नुसत्या कपड्याच्याच पाया पडलो वं बाया!"

आणि तिने माईच्या पायांवर डोकं ठेवलं. थेट पायांवर, त्या लाकडाच्या बोटांवर. मग रांगच लागली. केळीवाल्या, कापूसवाल्या, पहाटे बागेत अनवाणी शिरणाऱ्या सगळ्या बायका. कुणी पायाला गाल लावला, कुणी सापाच्या डोक्यावर हळद-कुंकू वाहिलं. एर्मेलिनबाई स्टुलावर उभ्या राहून डोळे पुसत होत्या. ज्या बायका उठून जातील म्हणून मी सहा वर्षं पाय झाकले, त्या तिथून हलेनात.

"शेला कोनाचा?" मालूबाईने विचारलं.

"माह्या हातचा," उषा म्हणाली. तिचा चेहरा फुलून आला होता. "पन माप ताईंचं हाय. त्यांनीच सांगितलं, चार वीत."

सगळ्या माझ्याकडे वळल्या. मालूबाईने माझ्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. "बाई, तुले बरं सुचलं," ती म्हणाली. खरं माप एर्मेलिनबाईंना माहीत होतं. त्यांनी फक्त माझ्या पिशवीकडे पाहिलं आणि मी हात बाहेर काढला.

आयुष्यात इतकं कौतुक माझं कधी झालं नव्हतं, आणि ते मला गिळता येईना. म्हणून उषाने पिशवी कधी ओढून घेतली ते मला कळलंच नाही. तिला ओटीचा नारळ हवा होता. नारळाबरोबर शेल्याचं टोक वर आलं. तिने ते ओढलं. वेल, कळ्या, बादल्याचे ठिपके, सगळं खिडकीच्या उन्हात आलं. बायकांनी "अगं बाई" म्हटलं.

उषा शेला हातात घेऊन उभी राहिली. मग ती माईजवळ गेली आणि तिने माझा शेला आपल्या शेल्याला लावून धरला, माथ्याला माथा. खाली माझा शेला पायांवरून, सापावरून, पार चौथऱ्याला टेकला. अर्धी वीत. शिवणकाम येत नसलं तरी अर्धी वीत कुणालाही दिसते. ती थोडा वेळ त्या टोकाकडे पाहत राहिली. मला वाटलं, जमिनीने मला पोटात घ्यावं.

"हाही चढवायचा का गं?" कुणीतरी विचारलं.

"नाही," उषा म्हणाली. तिचा आवाज साधाच होता. "पायघडी हाय ही. ताईंनी पायाखाली अंथराले आनली."

तिने शेल्याची घडी घातली. एर्मेलिनबाईंनी आणि तिने मिळून माई जरा उचलून धरली आणि घडी चौथऱ्यावर पसरली. त्यानंतर ज्या बायका वाकल्या त्यांची कपाळं माझ्या जरीवर टेकली. कुणाला काही कळलं नाही. ज्यांना कळलं त्या दोघी बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या.

परतताना टांग्यात उषा माझ्या शेजारी बसली होती. मांडीवर रिकामी पिशवी, पोटावर एक हात. शहरातला कारंज बाजार जवळ आला. मी बोलायचा प्रयत्न केला, "उषा, ते माप..." एवढंच म्हणू शकले.

"राहू द्या ताई," ती म्हणाली. "शेला चांगला झाला." आणि मग रस्त्याकडे पाहतच म्हणाली, "बारशाच्या झबल्याचं माप मात्र मीच घेईन. शिवीनही मीच."

माघात तिला मुलगी झाली. त्यानंतर दरवर्षी शेला चार वितीचाच होतो आणि उषाच शिवते. माझी पायघडी तिथेच आहे, जर कपाळांनी झिजून पांढरी पडलीय.

बारसं घरीच झालं. मुलीच्या अंगात उषाने शिवलेलं झबलं होतं, गळा मोठा झालेला, टाके दूरदूर. पाळण्यात घालताना ते एका खांद्यावरून सारखं घसरत होतं. मी दोनदा हात पुढे केला. दोन्ही वेळा उषाने ते आधीच सावरलं होतं.